मिसबाईंचा उभा वर्ग

मिसबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा सायकलरिक्षात त्यांची पिशवी बसली होती आणि त्या स्वतः रिक्षाच्या बाजूनं चालत होत्या. जबलपुरात अधारतालच्या मोठ्या रस्त्यावरून आमच्या वस्तीकडे वळलं की थोडा चढ लागतो, तिथं उतरल्या असतील असं आम्हाला वाटलं. पण रिक्षावाल्यानं खुलासा केला की बाई स्टेशनापासूनच पायी येताहेत. माणसानं माणसाला ओढत न्यावं हे त्यांना पटलं नव्हतं आणि रिक्षावाल्याचं भाडं बुडावं हेही पटलं नव्हतं. मग त्यांनी पिशवी सीटवर मधोमध बसवली आणि आपण चालायला लागल्या. वाटेत जो भेटेल तो सवारी कुठे आहे म्हणून विचारत होता आणि रिक्षावाला बिचारा प्रत्येकाला सांगत होता, "सवारी पैदल आ रही है."

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून हा सगळा देखावा नीट पाहून घेतला आणि मला म्हणाली, "पाह्य वं मीना, पिशवी बसून राहिली अन् बाई चालून राहिली." एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली. आईचा स्वभावच तसा. समोर आलेल्या गोष्टीचं ती एका वाक्यात वर्णन करायची आणि विषय संपवायची. हे वाक्य पुढे आमच्या किती कामी येणार आहे याची तेव्हा तिलाही कल्पना नव्हती.

मिसबाई इंग्लंडहून आल्या होत्या. तिथली कुठलीशी संस्था तरुण मुलामुलींना दूरच्या देशांत बिनपगारी शिकवायला पाठवते, अशी बातमी आमच्या वस्तीच्या कमिटीचे सेक्रेटरी वासनिक काका यांना लागली होती. काकांना टायपिंग येत असे आणि ते वाया जाऊ नये म्हणून ते सतत कुठे ना कुठे अर्ज करत असत. आमच्या बुद्धविहाराच्या मागे पत्र्याची एक लांबट खोली होती. तिथं संध्याकाळी आमच्या मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवायला शिक्षक पाठवा, असा एक अर्ज त्यांनी त्या संस्थेलाही ठोकून दिला. वस्तीतली पोरं बाकी सगळ्या विषयांत कशीबशी तरून जात आणि इंग्रजीत बुडत. अर्जाला उत्तर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, काकांना तर मुळीच नाही. उत्तर आलं तेव्हा त्यांनी हॅट घातलेला एखादा वयस्क साहेब मनात धरला आणि त्याच्या मापाचा हार सांगितला. आल्या त्या विशीतल्या, बारीक अंगाच्या, उन्हानं टोमॅटोसारख्या लाल झालेल्या बाई. तो हार त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला.

त्यांचं नाव डोरीन. आडनाव आमच्यापैकी कोणालाच उच्चारता आलं नाही, म्हणून सगळे त्यांना मिस म्हणू लागले. आईला नुसतं मिस म्हणणं उद्धटपणाचं वाटे, म्हणून तिनं त्याला बाई जोडलं. त्या राहणार कुठे हे कमिटीनं ठरवलंच नव्हतं. त्या विषयावर झालेल्या सभेत बाबा एक शब्द बोलले नव्हते, तेव्हा त्यांची हरकत नाही असं गृहीत धरून मिसबाईंना आमच्याकडे ठेवण्यात आलं. बाबा फॅक्टरीत कामाला होते, तिथल्या क्वार्टरमध्ये जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी अधारतालला दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यातली मागची मिसबाईंना दिली आणि आम्ही चौघं पुढच्या खोलीत आलो.

बाबा भंडाऱ्याकडचे. ते फॅक्टरीत लागले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. मग राज्यांची नवी आखणी झाली आणि नागपूर तिकडे गेलं. बाबा म्हणत, "आपण कोठी नाही गेलो. नागपूरच उठून गेलं." तेव्हापासून आमची मराठी चुलीपाशी आणि विहारात उरली होती, बाकी सगळीकडे हिंदी. मिसबाई मराठी शिकल्या आईकडून आणि हिंदी रस्त्यावरून, आणि या दोन भाषा वेगळ्या आहेत असं त्यांना कोणी सांगितलं नाही. आईकडून त्यांनी पहिला शब्द उचलला तो "काहून", म्हणजे का. हा शब्द त्यांना फार आवडला. चहात साखर जास्त झाली, काहून. दूधवाला आला नाही, काहून. वासनिक काका रोज सकाळी टाय लावून त्यांना गुड मॉर्निंग म्हणायला येत, त्यांनाही त्यांनी एकदा विचारलं, काहून. दुसऱ्या दिवसापासून काका टाय न लावता येऊ लागले.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण मिसबाईंच्या त्या पहिल्या दिवसांत खरा प्रश्न होता तो ताईचा. शकूताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. हायर सेकंडरीला ती इंग्रजीत दोनदा नापास झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं, आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगला हायर सेकंडरी पास लागत असे. इकडे गोंदियाहून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं समंजस, आणि ती निकालापर्यंत थांबायला तयार होती. बाबांनी निर्णय एका वाक्यात सांगून टाकला होता, "पास झाली तर नर्स, नाही तर गोंदिया." ताई कशावरच फारसं बोलत नसे, आणि इंग्रजीत तर तिचं तोंड मुळीच उघडत नसे. पण रात्री माझ्या शेजारी ती डोळे उघडे ठेवून पडलेली असायची हे मला माहीत होतं.

बाबांचं ते वाक्य मिसबाईंनी घरात इतक्यांदा ऐकलं की गोंदिया म्हणजे तुरुंगासारखी काहीतरी जागा असावी अशी त्यांची समजूत झाली. ते एक गाव आहे, तिथं तांदूळ चांगला मिळतो आणि लोक आपखुशीनं राहतात, हे आईनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण गोंदियाबद्दल त्यांचं मन जे कलुषित झालं ते झालंच.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाबांनी आम्हा सगळ्यांना विहारात गोळा केलं. सभेत न बोलणारे बाबा त्या दिवशी चांगलं पाच मिनिटं बोलले. बाई परदेशातून आल्या आहेत, आपल्या मुलांना शिस्त नाही असं त्यांना तिकडे जाऊन सांगावं लागू नये. बाई आत आल्या की उभं राहायचं, आणि बाई बसेपर्यंत कोणीही बसायचं नाही. यात नवीन काहीच नव्हतं, शाळेतही आम्ही हेच करत होतो. पण बाबांनी ते अशा आवाजात सांगितलं की आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी मिसबाई आत आल्या आणि आम्ही उभे राहिलो. त्यांनी हसून हात हलवला आणि शिकवायला सुरुवात केली. इंग्लंडहून निघण्याआधी त्यांना जे काही थोडंफार शिकवून पाठवलं होतं, त्यात बसून शिकवणारा शिक्षक म्हणजे झोपलेला शिक्षक असं त्यांच्या मनावर ठसवलं गेलं होतं. त्यामुळे त्या बसल्या नाहीत. एका हातात बटाटा धरून त्या रांगांमधून फिरत राहिल्या. हा बटाटा आहे. हा मोठा बटाटा आहे. हा बटाटा मी शकुंतलाला देते. आम्ही उभ्या उभ्या बटाटा घेत होतो आणि देत होतो. तास संपला, त्या गेल्या, आणि मग सगळा वर्ग एकदम खाली बसला.

दुसऱ्या दिवशी वांगं झालं. त्याही दिवशी त्या बसल्या नाहीत. आठवडाभरात मंडईतली बहुतेक भाजी संपली. मिसबाईंना वाटत होतं की भारतात विद्यार्थी उभ्यानंच शिकतात. आमच्या पायांचं त्यांना मनापासून कौतुक वाटे, हे त्यांनीच नंतर आम्हाला सांगितलं. आम्हाला वाटत होतं की विलायतेत उभं राहूनच शिकवतात आणि उभं राहूनच शिकतात, म्हणून तर ते लोक एवढे पुढे गेले. वासनिक काका दारातून बघून जात. त्यांना उभ्या वर्गाचं काही वाटत नव्हतं, त्यांना काळजी होती बटाट्याची. एका संध्याकाळी ते बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "इंग्लंडात इंग्रजी एवढीच असते काय हो?"

आता कोणी म्हणेल, मग बाईंना सांगायचं होतं. पण ज्या बाई हजारो मैल लांबून फुकट शिकवायला आल्या, त्यांना आमचे पाय दुखतात हे सांगायचं कोणी? आम्ही वस्तीतली पोरं, शाळेत मागच्या बाकावरची. मास्तरांना काही सांगायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही उपाय काढले. कोणी भिंतीला टेकू लागला, कोणी एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागला. आईनं ताईच्या पायांना रोज रात्री तेल चोळायला सुरुवात केली. ताईचा दिवस पहाटे सार्वजनिक नळावर उभं राहून सुरू व्हायचा, मग चुलीपाशी, आणि संध्याकाळी वर्गात. अशानं दिवाळी आली आणि गेली. परीक्षा मार्चमध्ये होती आणि ताईला आतापर्यंत फक्त भाजी येत होती.

एका संध्याकाळी मिसबाई फ्लॉवर घेऊन ताईसमोर आल्या. ताईनं तो घेतला नाही. ती मराठीतच म्हणाली, "मिस, तुम्ही बसा ना."

कोणी विचारल्याशिवाय वर्गात निघालेलं हे पहिलंच वाक्य होतं.

"काहून?" मिसबाईंनी विचारलं.

"तुम्ही बसल्याशिवाय आमाले बसता येत नाही."

मिसबाईंनी आमच्याकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग फ्लॉवर टेबलावर ठेवला आणि वर्ग सोडून दिला. त्या इतक्या भराभर घरी निघाल्या की मला मागून पळावं लागलं. बाबा नुकतेच फॅक्टरीतून येऊन ओट्यावर चहा पीत होते. मिसबाईंनी त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, काहून. पोरांना उभं राहायला कोणी सांगितलं, काहून सांगितलं. आईनं त्यांना बळेच खाटेवर बसवलं आणि चहाचा कप हातात दिला.

बाबा मला म्हणाले, "सांग तिले इंग्रजीत." आणि बोलू लागले, "आमच्या गावच्या शाळेत मी बाहेर बसत होतो. ओसरीच्या खाली. मास्तर अंदर शिकवत, मी बाहेरून आयकत होतो. मास्तर आले की अंदरची पोरं उभी राहात. मले कोणी उभं राह्य म्हटलं नाही. मी वर्गात होतोच कुठं? म्हणून ह्यायले सांगतलं. अंदर उभं राहिलेलं आपलं पोरगं पाहिलं की मले बरं वाटते."

माझं इंग्रजी तोवर फ्लॉवरपर्यंत पोचलं होतं. तेवढ्यात हे सगळं बसवायचं होतं. मी म्हणाले, "फादर आउटसाइड. बॉईज इनसाइड, स्टँड. फादर नो स्टँड." भाषांतर म्हणून ते काही फार चांगलं नव्हतं. पण मिसबाईंना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या बाबांसमोर उभ्या राहिल्या. पाहुणी उभी राहिलेली पाहून बाबाही उठले. दोघं एकमेकांसमोर तशीच उभी, चहा निवत चालला, आणि कोणीच बसेना. शेवटी आई आतून आली आणि दोघांनाही ओरडली, तेव्हा ती दोघं बसली. मी तेव्हा लहान होते, मला त्यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. आता हे लिहिताना मात्र डोळे भरून येतात.

दुसऱ्या दिवशी मिसबाई वर्गात आल्या आणि ठरवून खाली बसल्या. खाली म्हणजे थेट आमच्या तरटपट्टीवर. यानं प्रश्न सुटला नाही, वाढला. बाई जमिनीवर असताना त्यांच्या बरोबरीनं बसायचं कसं? आम्ही उभेच राहिलो, आणि आता वरून त्यांच्याकडे बघत राहिलो, ते आणखीच वाईट दिसत होतं. वासनिक काका दारात येऊन हे पाहून तसेच परत गेले. तिसऱ्या दिवशी बाबांनी आमच्या घरातली एकुलती एक खुर्ची डोक्यावर घेऊन वर्गात आणून ठेवली. मिसबाई खुर्चीवर बसल्या, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून खाली बसलो. पण त्यांना बसून शिकवताच येईना. एखादा शब्द सांगायचा की त्या उठत, की आम्ही सगळे उठत असू. त्या लगेच बसत, आम्ही बसत असू. त्या संध्याकाळी आम्ही इंग्रजी थोडं आणि कवायत जास्त केली.

ताईनं हे सगळं घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता म्हटलं, "तिची पिशवी बसवा ना. तिले बसायची सवय नाही, पिशवीले हाये."

आणि खरंच, तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून मिसबाई आत येत, आपली ती निळी कॅनव्हासची पिशवी खुर्चीवर मधोमध नीट बसवत, आणि पिशवी बसली की वर्ग बसे. मग त्या खुशाल रांगांमधून फिरत. बाबांना विचारलं तर त्यांनी क्षणभर विचार करून मान्यता दिली. मुलं उभी राहत होती, बाईंचं काहीतरी बसल्यावरच बसत होती, शिस्तीत कुठे उणं पडत नव्हतं. फक्त एकदा पिशवी घरी विसरली, तर मिसबाई ती आणायला स्वतः परत गेल्या आणि आम्ही त्या येईपर्यंत उभे राहिलो.

ताईचं तोंड मात्र त्या दिवसापासून उघडलं. मिसबाईंना एवढं मोठं सांगून काही झालं नाही, म्हटल्यावर तिनं दुसरीही गोष्ट सांगून टाकली. परीक्षेत बटाटा येत नाही. तिनं मागच्या वर्षीचा पेपर त्यांच्यासमोर ठेवला. मिसबाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि रात्री जागून स्वतः सोडवला. तो काकांनी तपासला. काकांनी त्यांना जेमतेम पास केलं, तेही पाहुण्या म्हणून. जत्रेवरचा निबंध त्यांनी गाइडमधला न लिहिता मनानं लिहिला होता, हे काकांना अजिबात आवडलं नाही. मनानं लिहायचं तर मग गाइड कशाला छापतात, असा त्यांचा सवाल होता.

मग मिसबाईही आमच्याबरोबर गाइड पाठ करू लागल्या. त्या आणि ताई अंगणात येरझाऱ्या घालत जत्रेचा निबंध घोकत. आईला तो ऐकून ऐकून आला, फक्त अर्थ तेवढा माहीत नव्हता. संक्रांतीला आम्ही सगळे तिलवाऱ्याच्या जत्रेला गेलो तेव्हा नर्मदेच्या काठावर तिळगूळ देता देता आईनं तो निबंध मिसबाईंना सुरुवातीपासून म्हणून दाखवला. मिसबाई गर्दीकडे बघत म्हणाल्या, खरी जत्रा पुस्तकापेक्षा चांगली आहे. परतताना त्या ताईला खोदून खोदून विचारत राहिल्या, आज काय पाहिलंस, इंग्रजीत सांग. ताई अडखळत सांगत होती आणि त्या एकही चूक न काढता ऐकत होत्या. कोणी आपलं इंग्रजी ऐकून घेतंय, हे ताईला नवीन होतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पेपर देऊन ताई घरी आली ती पांढरीफटक. जत्रा आलीच नव्हती. रेल्वेचा प्रवास आला होता, आणि तो कोणीच पाठ केला नव्हता. ताईनं आयुष्यात एकच रेल्वेप्रवास केला होता, छोट्या लाइनच्या, नॅरोगेजच्या गाडीनं गोंदियाला. मुलाकडच्यांना मुलगी दाखवायला आम्ही सगळे मिळून गेलो होतो. तेव्हा तिनं तोच लिहिला. गाडी किती हळू जात होती, जंगल किती लांब होतं, आणि स्टेशन येऊच नये असं कसं वाटत होतं. सगळं मनानं. वासनिक काकांनी हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. बाबांनी गोंदियाकरांना निरोप धाडायचं मनात घेतलं. मिसबाई एवढंच म्हणाल्या की मला तो निबंध वाचायला आवडला असता.

निकाल वर्तमानपत्रात येत असे आणि आमच्याकडे पेपर उशिरा पोचे. म्हणून त्या दिवशी मिसबाई बाबांची सायकल घेऊन भल्या सकाळी शहरात ओमतीला गेल्या. तिथल्या एका दुकानदाराकडे पेपर आधी येत असे. आम्ही ओट्यावर बसून होतो. ताई आत भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा घासत होती. बऱ्याच वेळानं मिसबाई दिसल्या. सायकलवर बसून नव्हत्या, सायकल हातात धरून चढ चढत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना, कारण त्यांचा चेहरा कायमच लाल. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, सरळ आईसमोर आल्या आणि म्हणाल्या,

"आई, गोंदिया नाही."

आणि ओट्यावर मटकन बसल्या. कोणी न सांगता त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईनं त्यांना आधी पाणी दिलं, मग पदर तोंडाला लावून ती रडू लागली. ताई हात राखेचे घेऊन बाहेर आली, तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि परत आत जाऊन उरलेली भांडी घासली. बाबांनी वस्तीत खोव्याची जिलबी वाटली. वासनिक काकांनी जिलबी खाल्ली आणि मनानं लिहिलेलंही कधी कधी चालतं असं मत दिलं.

गोंदियाच्या मंडळींनी मोठ्या मनानं घेतलं. त्या मुलाचं पुढे चांगलं झालं, लग्न झालं, तो स्टेशनमास्तर म्हणून रिटायर झाला. मिसबाईंचं त्याच्याबद्दलचं मत मात्र कधीच सुधारलं नाही.

मिसबाई त्यानंतर आणखी वर्षभर होत्या. ताई नर्सिंगला गेली, वर्गातले बरेच जण तरले, काही बुडाले आणि पुन्हा वर्गात आले. मिसबाईंच्या जाण्याचा दिवस आला तेव्हा त्यांनी आपले कपडे आईच्या जुन्या चादरीत बांधले आणि पिशवी खुर्चीवरच राहू दिली. आईनं विचारलं, ही काहून ठेवून चालली? त्या म्हणाल्या, "मी नेली तर पोरं उभी राहून राहतील." रिक्षात गाठोडं बसवलं आणि त्या चालायला लागल्या. आम्ही सगळे मागून निघालो. बाबा, काका, आई, ट्रेनिंगमधून सुटी घेऊन आलेली ताई, अख्खा वर्ग. रस्त्यात लोक विचारत होते आणि रिक्षावाला पुढून सांगत होता की सवारी पैदल आहे.

पुढे मी बी. ए. झाले, शाळेत नोकरीला लागले आणि संध्याकाळचा वर्ग माझ्याकडे आला. मीही कधी खुर्चीवर बसले नाही, पिशवीच बसत असे. नव्या मुलांना त्याचं कारण माहीत नव्हतं आणि त्यांनी ते विचारलंही नाही. पिशवी विरत चालली तशी आई तिला ठिगळं लावत गेली. मग खाजगी क्लास निघाले, आमचा वर्ग बंद पडला, आणि आई गेल्यावर पिशवी ताईकडे गेली. मिसबाई परत कधी आल्या नाहीत. त्या आपल्या गावीच शिक्षिका झाल्या होत्या. पुढे फोन आले तेव्हा नव्या वर्षाला त्या ताईला फोन करत. तिकडची मुलं उभं राहा म्हटलं तरी उभी राहत नाहीत, अशी त्यांची तक्रार असे. मराठी तशीच राहिली होती. "शकू, काय करून राहिली?" अशी सुरुवात, आणि शेवटी गोंदिया कसं आहे, ही चौकशी.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या भाचीचा फोन आला. मिसबाई गेल्या होत्या. मोठ्या आजारपणाशिवाय, वर्ग संपवून घरी जाताना, रस्त्यावर चालता चालता. निवृत्त होऊनही त्या संध्याकाळी कोणाला तरी फुकट शिकवतच होत्या.

आम्ही विहारात जमलो. पत्र्याची खोली जाऊन आता तिथं चांगला हॉल झाला आहे, फरशी आहे, पंखे आहेत. जुन्या वर्गातले जे होते ते सगळे आले. केस पांढरे झालेले, कोणी काठी टेकत, कोणी नातवाचा हात धरून. समोर एक खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर मिसबाईंचा फोटो, हार घातलेला. वर्गाच्या एका जुन्या फोटोतून तो मोठा करून घेतला होता. दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिलो. दोन मिनिटं झाली, तरी कोणी बसलं नाही. नव्या कमिटीचा सेक्रेटरी तरुण मुलगा, त्यानं माइकवरून दोनदा सांगितलं, बसून घ्या. गुडघे दुखणारी माणसं तशीच उभी राहून समोर बघत राहिली. फोटोतही मिसबाई उभ्याच होत्या.

मग ताई पुढे गेली. चाळीस वर्षं वॉर्डांतून फिरलेली ताई आता सावकाश चालते. तिनं आपल्या झोळीतून ती निळी पिशवी काढली. निळी म्हणायची एवढंच, अर्ध्याहून जास्त आईची ठिगळंच होती. तिनं फोटो जरा मागे सरकवला, पिशवी दोन्ही हातांनी झटकली आणि खुर्चीवर मधोमध नीट बसवली.

तेव्हा आम्ही बसलो.